बॉल पकडणारा कुत्रा स्लो मोशनमध्ये: चित्र काळपट येतं, लुकलुकतं, फोकस सुटतो

काळूचीमावशी
काळा लॅब्रॅडॉर, वय ३ वर्षं. फोनवर १०८०पी, सेकंदाला २४० फ्रेम. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली चित्र काळपट येतं आणि सारखं लुकलुकतं. बाहेर लॉनवर उजेड भरपूर असतो, पण बॉल तोंडात जायच्या क्षणी नेमका फोकस मागच्या झाडांवर जातो. हिरवा टेनिस बॉल तर गवतात दिसतच नाही. वेगळा कॅमेरा घ्यायचा नाहीये. फोनवर जमेल का?

शटर_बिटर
जमेल, पण हॉलमध्ये नाही. २४० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला प्रकाश घ्यायला जास्तीत जास्त १/२४० सेकंद मिळतो. ती तूट भरायला फोन आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढवतो आणि काळ्या केसांत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, सगळ्यात आधी दिसतो. लुकलुकणं दिव्यांचं आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्यांना कळत नाही, २४० फ्रेमना कळतं. एडिटिंगमध्ये ते पूर्ण जात नाही, त्यात वेळ घालवू नका. घरातच घ्यायचं तर भरदिवसा मोठ्या खिडकीशी, सगळे दिवे बंद करून, १२० फ्रेमवर.

बाहेर मॅन्युअल अ‍ॅपमध्ये (जिथे सेटिंग आपण हाताने ठरवतो) शटर, म्हणजे एका फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ, १/१००० सेकंद ठेवा. कानांची फडफड आणि लाळेचे थेंब सुटे दिसायला एवढा वेग लागतोच. १/२५० ला वेगात येणारा बॉल लांबट होतो. सूर्य कुत्र्याच्या मागून तिरका येऊ द्या. काळ्या कुत्र्याला हाच उजेड खुलवतो, केसांच्या कडा उजळतात. मात्र उजळ गवत पाहून फोन एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) खाली आणतो आणि कुत्र्याचा नुसता काळा ठिपका उरतो, म्हणून ते थोडं वर सरकवून लॉक करा.

गवतावर_आडवा
फोकसचं सोपं आहे: ऑटोवर सोडायचाच नाही. बॉल जिथे पकडला जाईल तिथे, फोनपासून साधारण ३ मीटरवर, एक बूट ठेवा. स्क्रीनवर बुटावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बूट उचला. मुख्य लेन्सला तेवढ्या अंतरावर पुढचं-मागचं बरंच स्पष्ट येतं, कुत्रा दोन पावलं इकडेतिकडे सरकला तरी चालतं. बोटांनी झूम करू नका, जवळ जा.

फोन कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर हवा, म्हणजे तुम्ही गवतावर पालथ्या. उभ्याने घेतलं तर नुसती पाठ दिसते. बॉल टाकणारं माणूस वेगळं पाहिजे, अगदी लेन्सच्या बाजूला उभं. कुत्र्याला आधी बसवा, मग खालून हलकेच टाका. नजर बॉलवर म्हणजे जवळजवळ लेन्सवरच येते, आणि जबडा उघडण्याआधी ओठ कसे मागे खेचले जातात तेही दिसतं.

बॉल निळा घ्या. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट ओळखू येतो, लाल-हिरव्यात फरक कळत नाही. लाल बॉल तुम्हाला गवतावर उठून दिसेल, त्याला मात्र तो गवतात ओळखणं कठीण जाईल.

पंजा_आणि_शेपूट
वर कोणी कुत्र्याच्या सुरक्षेबद्दल लिहिलं नाही म्हणून: बॉल त्याच्या डोक्यापेक्षा फार वर टाकू नका. उभी उडी मारून अंग पिळत मागच्या पायांवर उतरला की गुडघ्याचा लिगामेंट फाटू शकतो. फरशीवर तर नकोच. लॅब्रॅडॉरच्या जबड्याला छोटा बॉल घशात अडकू शकतो. सुळ्यांमागे सहज सरकत असेल तो बाद. टेनिस बॉलचं खरखरीत कापड रोज चावून दात झिजतात, गुळगुळीत रबराचा बरा. जीभ टोकाशी रुंद होऊन लोंबायला लागली की शूटिंग थांबवा, सावली आणि पाणी द्या. तो स्वतःहून थांबणार नाही.

काळूचीमावशी
मनापासून आभार. ९६० फ्रेमचा मोड वापरू का? आणि फाइल कॉम्प्युटरवर टाकली की नेहमीच्या वेगाने चालते, ते का?

शटर_बिटर
९६० टाळा. बऱ्याच फोनमध्ये तो सेकंदापेक्षाही कमी वेळ रेकॉर्ड करतो किंवा मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवतो; मग पायांच्या आणि बॉलच्या कडा वितळल्यासारख्या हलतात. काही फोन फाइल २४० फ्रेमचीच ठेवतात आणि संथ फक्त गॅलरीत दाखवतात. एडिटरमध्ये सेकंदाला ३० फ्रेमची टाइमलाइन (क्लिप मांडायची पट्टी) घेऊन वेग १२.५ टक्के करा, म्हणजे बरोबर आठपट संथ. पण अख्खी क्लिप नको. झेप ते पकड हा अर्धा सेकंद ४ सेकंदांचा होतो, तेवढाच संथ ठेवा; धावत येणं मूळ वेगात.