प्रतिसाद: शाळेतल्या एका वेळच्या जेवणाने काय बदलणार?

बातम्या वाचून हताश व्हायला होतं, आपल्या चार पैशांनी काय होणार, हे तुम्ही लिहिलंय ते अगदी पटतं. मलाही तसंच वाटायचं. पण गरीब देशांतल्या मुलांना शाळेत जेवण देणाऱ्या 'मेरीज मील्स' या संस्थेला दरमहा थोडी रक्कम द्यायला लागल्यापासून मन बरंच सावरलंय.

२००२ साली आफ्रिकेतल्या मलावी देशात दुष्काळ होता. संस्थेचे संस्थापक मॅग्नस मॅक्फार्लेन-बॅरो यांनी तिथल्या एका मरणासन्न आईच्या थोरल्या मुलाला विचारलं, तुला आयुष्यात काय हवंय? पोटभर जेवण आणि कधीतरी शाळेत जायला मिळावं, एवढंच तो म्हणाला. त्यातून हे काम उभं राहिलं. सुरुवातीला २०० मुलं होती. आज वीस लाखांहून अधिक मुलं रोज शाळेतच जेवतात.

मला सगळ्यात भावतं ते स्वयंपाकाचं. गावातल्याच आया आळीपाळीने पहाटे चूल पेटवतात, मोठाल्या पातेल्यांत मका-सोयाच्या पिठाची पेज ढवळत उभ्या राहतात. पगार नाही. मुलं हातात मग घेऊन रांगेत. जेवण शाळेतच मिळत असल्याने मुलांना कामाला धाडण्याऐवजी शाळेत पाठवणं घरच्यांनाही परवडतं. पैसे आपले असले तरी खरे कष्ट त्या बायकांचेच, हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

जमेल तेवढ्या रकमेने सुरुवात कराच.