हवेचा पिवळा दिवा आणि बाबांची लाथ: तुमचे अनुभव लिहा

आज नाशकात मरणाची थंडी. सकाळी गाडी चालू केली तर डॅशबोर्डवर टायरची हवा कमी झाल्याचा तो पिवळा दिवा, घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह. बाबांची आठवण आली. कसारा घाट उतरायच्या आधी इगतपुरीला गाडी थांबवून चारही चाकांना एकेक लाथ घालायचे. "चाक बोलतं," म्हणायचे. आज पंपावर हवा मोजली तर तीन चाकांत 31 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागच्या डाव्यात 24. दारावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय. तुमचेही किस्से येऊ द्या.

घाटवेडा: पारा दहा अंश उतरला की दीडेक पीएसआय आपसूक उतरतं. पण एकाच चाकात 24 म्हणजे थंडी नाही, खिळा. आणि हवा थंड टायरमध्येच मोजा, शंभर किमी पळवून आल्यावर नको.

मिनेसोटाची सून: उणे वीसमध्ये या मग बोलू 😄 आमच्याकडे 2008 मॉडेलपासून हा दिवा सक्तीचा. नोव्हेंबरात लागतो. नवरा म्हणतो उन्हाळ्यात विझेल. वर इथे बऱ्याच पंपांवर हवेलाही पैसे! तिकडे फुकट मिळते तर माज करू नका.

पिठलंभाकर: खिळा दिसला तर उपटू नका!! मी उपटला. एक्सप्रेसवेवर. सासूबाई मागे बसलेल्या. स्टेपनी काढायला आधी डिकीतली आंब्याची पेटी, लोणच्याची बरणी, गादी (हो, गादी) सगळं रस्त्याकडेला मांडलं. स्टेपनीतही हवा नव्हती.

मिनेसोटाची सून: गादी का पण??

पिठलंभाकर: ताई, ती वेगळी कथा.

कोथरूड 38: मी हवा भरली तरी दिवा जाईना. मेकॅनिक हसला. आमच्या गाडीत चाकात सेन्सरच नाही, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) चाकांचे फेरे मोजतं. हवा कमी झाली की चाक जरा जास्त फिरतं, त्यावरून ताडतं. म्हणून भरल्यावर रीसेटचं बटण दाबायचं. पुस्तिकेत होतं. कोण वाचतं.

घाटवेडा: आणि गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला तर हवेचा नाही, यंत्रणेतलाच बिघाड. माझ्या सेन्सरची बॅटरी आठव्या वर्षी गेली.

फक्त वाचक: खालापूरला वडा कुठला बरा हल्ली?

कोथरूड 38: धागा काय, विचारता काय. (उजवीकडचा. चटणी मागून घ्या.)

धागाकर्ती: आत्ताच तपासून आले. खिळा नाहीच. व्हॉल्व्हचं टोपण काढून बोटाने थुंकी लावली, बाबा लावायचे तशी. बुडबुडा आला, फुटला, परत आला. पंक्चरवाले काका म्हणाले पिन बदलू, पाच मिनिटांचं काम. निघताना मी चाकाला एक लाथ घातली. काकांनी "का हो ताई?" विचारलं.

पिठलंभाकर: मग काय बोललं चाक?

धागाकर्ती: पाय दुखतोय.