मदत हवी आहे: फिट ओळखणारा मनगटी पट्टा, पण खोटे अलार्म थांबेनात

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला अपस्मार आहे आणि फिट बहुतेक वेळा झोपेतच येते. रात्री त्याच्या खोलीत जाग यायला कोणी नसतं, म्हणून ईएसपी३२ (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) वापरून पट्टा बनवतोय. ओपनसीझरडिटेक्टर या मुक्तस्रोत प्रकल्पाचा कोड वाचून बरंच शिकलो.

हालचालीच्या सेकंदाला २५ नोंदी घेतो, ५ सेकंदांचा तुकडा करून एफएफटी (कोणत्या लयीची हालचाल किती आहे ते काढणारं गणित) लावतो आणि ३ ते ८ हर्ट्झमधली, म्हणजे सेकंदाला ३ ते ८ वेळा होणाऱ्या हालचालीची, ताकद वाढली की अलार्म. गोची अशी की दात घासतानाही हात नेमका याच लयीत हलतो. काल तो शांतपणे ब्रश करत होता आणि आईचा फोन किंचाळत होता! ती धावत आली, हात थरथरत होते तिचे.

अलार्म वाजण्याची मर्यादा वाढवली तर दुसरी भीती. फिटच्या सुरुवातीला अंग नुसतं ताठ होतं, लयबद्ध झटके नंतर येतात. म्हणजे आधीच उशीर, त्यात आणखी भर.

नाडीचे ठोके जोडावेत असं वाटतं, कारण फिटमध्ये ते बऱ्याचदा झपाट्याने वाढतात. पण मॅक्स३०१०२ हा नाडी मोजणारा सेन्सर हात हलला की भलतेच आकडे देतो. हालचालीचा गोंधळ त्यातून कसा वजा करायचा? की सेन्सर दंडावर बांधू? खऱ्या फिटच्या नोंदी चाचणीसाठी कुठे मिळतील? कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, कोड लगेच टाकतो.