कोम्बुचासाठी बरणी कोणती घ्यावी, धुवावी कशी? (नागपूर)

आंबटशौकीन: 3 लिटर कोम्बुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) लावायचा आहे. घरी लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी आहे आणि नळवाला स्टीलचा पिंप आहे. यातलं काही चालेल का?

बरणीवाली: दोन्ही नको. कोम्बुचाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 3 च्या आसपास उतरतो आणि तो आठवडाभर त्याच भांड्यात बसतो. जुन्या बरणीच्या झिलईत शिसं असेल तर ते आंबटात उतरतं, नुसतं बघून कळत नाही. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम तर विसराच. 304 स्टील (भांड्यांचं न गंजणारं स्टील) टिकतं, पण पिंपाचा नळ बरेचदा पितळेवर मुलामा दिलेला असतो. गोची तिथं आहे. शिवाय नळात स्कोबीचे (चहा आंबवणाऱ्या जिवाणू-यीस्टच्या चिकट थराचे) धागे अडकतात.
इतवारी बाजारात काचेची 4 लिटरची बरणी बघा. तोंड एवढं रुंद हवं की मूठ आत गेली पाहिजे, नाहीतर खांद्याखालचा चिकट थर घासताच येत नाही. काचेत बुडबुडा किंवा तडा नको.

आंबटशौकीन: आणि धुवायचं कशानं? बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात.

बरणीवाली: बिनवासाचा साबण, मऊ स्पंज, कोमट पाणी. तारेची घासणी नको, काचेवर चरे पडतात. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. पांढऱ्या डागांवर साधं पांढरं व्हिनेगर अर्धा तास ठेवा, क्षार सुटतात. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने विसळून पालथी वाळवा. थंड काचेत उकळता चहा ओतला की बूड तडकतं. चहा 30 अंशांखाली आला की ओता, मग 300 मिली जुना कोम्बुचा घाला.

चिलटांचा_वैरी: तोंडाला जाळीदार मलमल बांधू नका, चिलटं आत शिरतात. घट्ट विणीचं सुती कापड, वर रबर. कुलरच्या थेट झोतात बरणी ठेवू नका, ओलसर हवेत कापडावर बुरशी धरते. मे महिन्यात पाचव्या दिवसापासूनच चव बघा, उन्हाळ्यात फार लवकर आंबतं.
तयार कोम्बुचा बाटलीत भरून त्यात संत्र्याचा रस घालणार असाल तर बंद बाटलीत वायूचा दाब वाढतो, म्हणून गोल, जाड काचेच्या, दाब सोसणाऱ्या बाटल्याच घ्या. चौकोनी शोभेच्या बाटल्या कोपऱ्यात फुटतात. वर दोन बोटं जागा सोडा, आणि उन्हाळ्यात एका दिवसात फ्रिजमध्ये.

आंबटशौकीन: पिंपाचा नळ काढून स्टीलचं बूच बसवलं तर?

बरणीवाली: बूच 304 चं आणि वायसर सिलिकॉनचा असेल तर चालेल. पण आत काय चाललंय ते दिसणार नाही, आणि बुरशी आली तर ती वरून दिसायलाच हवी.