ऑनलाइन फसवणुकीचा अनुभव धागा: किती पैसे गेले ते नको, बोट कुठं पडलं ते सांगा

सेवा केंद्रवाला, दारव्हा तालुका
सुरुवात माझ्यापासूनच करतो. केंद्रातला जुना कॉम्प्युटर विंडोज ७ चा. त्यातलं क्रोम, म्हणजे साइट उघडायचा ब्राउझर, १०९ व्या आवृत्तीवर अडकलेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. पीक विम्याची रांग होती, मधेच एका काकांना सातबारा हवा होता. शोधल्यावर सगळ्यात वरची लिंक उघडली. ती जाहिरात निघाली. स्क्रीनभर लाल रंग, भोंगा, 'कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा'. माउस हलेना. रांगेतले सगळे माझ्याकडे बघताहेत! मी सरळ पिन उपसली. नंतर कळलं, ते नुसतं बुजगावणं होतं, स्क्रीनभर पसरवलेलं एक वेबपान. फोन केला असता तर मात्र खरा चोर घरात घेतला असता. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी साइटवर १५ रुपयांत मिळतो, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. मी दहा वर्षं हेच काम करतो, तरी घाईत पत्ता वाचला नाही.

शिक्षिका, चिखली
'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा.' दाबलं. मग रात्री दोनला सुद्धा 'व्हायरस सापडला'च्या सूचना. मोबाइलमध्ये व्हायरस नव्हताच, मीच त्या साइटला सूचनांची परवानगी दिली होती. क्रोमच्या सेटिंगमधून काढली.

कापूसवाला, अकोट
मले तं साइटच्या पत्त्यापाशी कुलूप दिसलं ना बा! कुलूप हाय म्हणजे साइट खरी, असं पोट्ट्यानंच सांगतलं होतं. किसान योजनेचा हप्ता पाहाले गेलो, तं त्या साइटनं एपीके फाइल, म्हणजे मोबाइलात ॲप टाकाची फाइल, उतरवाले लावली. खात्यातले पैसे गेल्यावर १९३० ले, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरले, फोन केला. तिथं तक्रार लवकर केली म्हणून थोडे अडकले, बाकीचे गेलेच.

कॉलेजवाला, वर्धा
काका, कुलुपाचा अर्थ एवढाच की वाटेत कोणी तुमचं बोलणं ऐकत नाही. समोर बसलेला चोर आहे की साव, ते कुलूप सांगत नाही. याच गैरसमजापायी क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

कापूसवाला, अकोट
मंग मी काहीच दाबलं नसतं तं वाचलो असतो ना?

कॉलेजवाला, वर्धा
तुमच्या बाबतीत हो. पण नेहमीच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या कोडमध्ये भोक सापडलं. क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळ्यांत तेच कोड. मुद्दाम बिघडवलेलं चित्र पानावर नुसतं दिसलं तरी चोराला आत शिरता येत होतं. अपडेट आलं, पण ब्राउझर बंद करून परत उघडल्याशिवाय ते लागू होत नाही.

सेवा केंद्रवाला, दारव्हा तालुका
आता नवा कॉम्प्युटर आहे, तरी माझं क्रोम कधी बंदच होत नाही, चाळीस टॅब उघडे. अपडेट कोपऱ्यात ताटकळत राहतं. मग संध्याकाळी लाइन जाते.