काओयान म्हणजे दुसरी संधी
‘नोकऱ्या नाहीत म्हणून चिनी मुलं पदव्युत्तर शिक्षणात वेळ काढतात’ असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. बेकारीचा वाटा आहेच, २०२३च्या काओयानला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला, ४७ लाखांवर अर्ज आले होते. पण गाओकाओचा, म्हणजे पदवीच्या प्रवेश परीक्षेचा, विचार त्यात येत नाही. बारावीनंतरच्या त्या एका परीक्षेवर कॉलेज ठरतं, आणि पुढे नोकरी देणारे बरेच जण पहिली पदवी कुठली, हेच आधी बघतात. ‘९८५’ किंवा ‘२११’ या जुन्या सरकारी प्रकल्पांत निवडलेल्या नामांकित विद्यापीठांपैकी एक नसेल तर अर्ज अनेकदा पहिल्याच चाळणीत गळतो.

अठराव्या वर्षी बसलेला तो शिक्का पुसायला काओयान हाच मोठा मार्ग. डिसेंबरअखेरीस साधारणपणे चार पेपर, ५०० गुण. त्यात राजकीय विचारसरणीचाही एक पेपर, मग विषय भौतिकशास्त्र असो की चित्रकला! लहान गावातल्या साध्या कॉलेजची मुलगीही थेट बीजिंगच्या नामांकित विद्यापीठासाठी बसू शकते. प्रवेशाच्या मुलाखतीत जुनं कॉलेज पुन्हा आडवं येतं अशी तक्रार आहे, आणि ती मला फार अन्यायाची वाटते. तरीही हुकलेली कितीतरी मुलं वर्षभर अभ्यास करून परत बसतात. त्याला तिकडे ‘दुसरी लढाई’ म्हणतात.