मॅडिसनसाठी सोपी स्टोनफ्लाय निंफ: कुठला पॅटर्न बांधावा?

नदीकाठ:
जूनअखेरीस मोंटानात मॅडिसन नदीवर ट्राउट माशांसाठी जायचं ठरतंय. स्टोनफ्लाय निंफ (स्टोनफ्लाय किड्याच्या पाण्यातल्या पिल्लासारखी दिसणारी गळाची माशी) घरीच बांधणार आहे. ८ नंबरचे लांब शँकचे (दांडीचे) हुक, कॉफी-काळं मिश्र चेनिल (लव असलेला जाड दोरा), वजनासाठी ०.०२५ इंची तार आणि रबरी पाय आणलेत. अडचणी दोन: बांधलेलं अंग शँकभोवती गरगर फिरतं, आणि शेवटी हुकच्या डोळ्यापाशी एवढी गर्दी होते की टिपेट (दोराचं शेवटचं बारीक टोक) ओवता येत नाही. दहा प्रकारचं सामान लागणारा पॅटर्न नको. जाणकारांनी सांगावं.

गळटाकू:
हे सामान पॅट्स रबर लेग्ज या निंफ पॅटर्नचंच आहे, दुसरं काही शोधू नका.

अंग फिरतं कारण तार उघड्या शँकवर गुंडाळली जाते. आधी पूर्ण शँकवर थ्रेडचा थर द्या, मग तारेचे १५ वेढे. तारेच्या दोन्ही टोकांना थ्रेडचा उतार करा आणि वर सुपरग्लूचा एक थेंब. डोळ्यामागे डोळ्याच्या दुप्पट जागा मोकळी सोडायची, तिथे तार न्यायचीच नाही.

रबराचा एक तुकडा दुमडून पुढे मिशा, दुसरा मागे शेपूट. स्टोनफ्लायला शेपट्या दोनच. चेनिलच्या टोकाचा ५ मिमी लव नखाने ओरबाडून काढा आणि आतला नुसता दोरा बांधा, म्हणजे शेपटीपाशी गाठोडं होत नाही. पायांचे तीन तुकडे पुढच्या अर्ध्या भागात आडवे ठेवून फुलीच्या वेढ्यांनी बांधा, मग चेनिल त्यांच्यामधून पुढे आणा. फुली फार आवळली की पाय सरळ वर उभे राहतात.

डोळ्यापाशी पोचल्यावर पुन्हा तेच: शेवटच्या वेढ्यानंतरचा लव काढून फक्त दोरा बांधायचा. तुमची गर्दी निम्मी तिथेच संपते. पाय सगळ्यात शेवटी कापा. हुकच्या गॅपच्या (टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या) दीडपट पुरे. त्याहून लांब ठेवले तर फेकताना हुकलाच गुंडाळतात.

उतारावरचा:
वरचं सगळं बरोबर, पण अंग नळीसारखं गोल होतं. खरी निंफ चपटी असते. तार गुंडाळण्याऐवजी शँकच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा आडवा बांधून बघा. आकार छान येतो आणि अंग फिरतही नाही. वजन मात्र कमी पडतं, ते टिपेटवर शॉट (वजनाची छोटी गोळी) लावून भरून काढावं लागतं.

मॅडिसनचा वरचा भाग यलोस्टोन पार्कात येतो. तिथे शिसं चालत नाही, हुकही बिनकाट्याचा लागतो. माशी बांधायच्या आधीच हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबा. नंतर दाबताना हुक मोडला तर सगळी मेहनत वाया.

गळटाकू:
चपट्या अंगाचं माशांना कितपत पडलेलं असतं, शंकाच आहे. जोराच्या पाण्यात निंफ तळाशी पोचणं महत्त्वाचं. शिशाऐवजी कथलाची तार वापरत असाल तर ती हलकी असते, वेढे वाढवा.

नदीकाठ:
दोघांचेही आभार. दोन्ही प्रकार बांधतो. टाकायची कशी? आणि ८ नंबर पुरे का?

उतारावरचा:
सॅमनफ्लायची (मोठ्या काळपट स्टोनफ्लायची) निंफ साधारण तीन वर्षं पाण्यात काढते, त्यामुळे लहानमोठ्या सगळ्या एकाच वेळी नदीत असतात. ४ ते १० नंबर जवळ ठेवा (नंबर लहान तितका हुक मोठा). गोल्डन स्टोनसाठी (पिवळसर स्टोनफ्लायसाठी) कृती हीच, फक्त चेनिल तपकिरी-पिवळं.

स्टोनफ्लायच्या निंफला धड पोहता येत नाही. प्रौढ व्हायला ती तळावरून सरपटत काठच्या दगडांवर चढते. म्हणून हॅचच्या (किडे प्रौढ होऊन बाहेर पडण्याच्या) आधी काठालगतच्या गुडघाभर पाण्यात पहिल्यांदा गळ टाका. त्यातच उभे राहून मधल्या धारेत टाकू नका. दोर न ताणता प्रवाहाच्या वेगाने वाहू द्यायची. इंडिकेटर (तरंगती खूण) निंफपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट वर, टिपेट ३एक्स जाडीचं, आणि निंफच्या हुकच्या बाकाला बांधून ४० सेंमीवर १६ नंबरची फेझंट टेल (दुसरी छोटी निंफ). मधूनमधून तळ लागत नसेल तर माशी बदलण्याआधी एक शॉट वाढवा.